आगळाच्या बाटल्या, जुनी ॲक्टिव्हा आणि सॅडलबॅगांची जोडी

डिचोलीहून पणजी-म्हापशाच्या दुकानांत कोकमाचं आगळ, लोणची, पापड पोचवायचे हा माझा उद्योग. गाडी एकच, जुनी ॲक्टिव्हा. डिकीत हेल्मेट आणि रेनकोट गेला की जागा संपली. पायाशी खोका ठेवावा, तर पाय बाहेर लोंबतात आणि पावसात खोक्याचा लगदा होतो. म्हणून उन्हाळ्यात सॅडलबॅगांची, म्हणजे सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगांची जोडी घेतली. आता पावसाळा आणि चतुर्थीची धावपळ दोन्ही त्यांच्यावर काढून झाली आहे, तेव्हा सविस्तर लिहिते. बाजारातल्या बहुतेक बॅगा मोटरसायकलसाठी शिवलेल्या असतात आणि स्कूटरचं गणित त्याहून बरंच निराळं आहे.

बॅगेत किती मावतं ते दुकानदार आधी लिटरमध्ये सांगतो. त्याला आधी दोन बॅगा जोडणारा पट्टा दाखवायला सांगा. मोटरसायकलच्या सीटवरून पट्टा टाकला की काम झालं, पण स्कूटरची सीट दिवसातून दहा वेळा उघडावी लागते. माझ्यासारखी जुनी गाडी असेल तर पेट्रोलचं झाकणही सीटखालीच. पट्टा सीटवरून बांधला तर पंपावर मागे रांग लावून आपण बॅगा सोडत बसायचं. सीटखालून घ्यावा, तर दुकानातल्या बॅगांचा पट्टा हातभर रुंद आणि आत फोम भरलेला. सीट दाबली की लॉकचा आवाज येतो, पण कडेचं रबर नीट टेकत नाही. उन्हाळ्यात कळत नाही. जूनमध्ये डिकीत पाणी साचायला लागतं तेव्हा कळतं. मी डिचोलीतल्या कुशनवाल्याकडून तो पट्टा उसवून घेतला आणि त्याजागी गाडीच्या सीटबेल्टसारख्या दोन पातळ, सपाट पट्ट्या लावून घेतल्या. टोकांना प्लास्टिकची बक्कलं. पट्ट्या कायम सीटखाली राहतात, बॅगा तेवढ्या काढायच्या-लावायच्या. हेल्मेट आत टाकताना पट्टी बाजूला सारावी लागते, एवढा त्रास राहिला आहे. या बॅगांना कुलूप नाही, त्यामुळे पणजीत बाजारात शिरताना त्या खांद्यावर टाकून नेता येणं हाच खरा फायदा.

उजवीकडे सायलेन्सर, डावीकडे किक आणि एअर फिल्टर. त्यामुळे दोन्ही बॅगा खालून सरळ चौकोनी असून चालत नाहीत. उजवी बॅग भरलेल्या वजनानिशी सायलेन्सरच्या चार बोटं वर राहायला हवी. रिकामी लटकवून बघण्यात अर्थ नाही, कारण आगळाच्या बाटल्या भरल्या की शिवण ताणली जाते आणि तळ खाली येतो. माझ्या बॅगेच्या तळाला चंदेरी पत्र्यासारखं कापड आहे, तरी मी तेवढं अंतर ठेवतेच. डावीकडे भरलेली बॅग असताना किक मारता येत नाही, तेव्हा बॅटरी धड ठेवावी. रुंदीचा नियम सोपा: हँडल जिथून जातं तिथून बॅग गेली पाहिजे. शुक्रवारच्या म्हापसा बाजारात याहून फुगीर बॅग म्हणजे लोकांच्या शिव्या.

वजनाबद्दल मात्र मनापासून सांगते. काचेची पाऊण लिटरची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास जाते. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा, म्हणजे पंधरा किलो मागच्या चाकावर. पुढचं चाक दहा इंची, ते हलकं पडतं. पणजीला मी मये-चोडणवरून जाते आणि फेरीबोटीने रायबंदरला उतरते. ओहोटीला धक्क्याचा उतार लांबतो, खालचा भाग शेवाळलेला असतो. फेरीतून चढताना भरल्या बॅगा मागे ओढतात आणि हँडल हातात तरंगल्यासारखं होतं. तिथे ॲक्सिलरेटर एकदम पिळायचा नाही. माल घेऊन निघायच्या दिवशी मागच्या टायरमध्ये हवा जास्त भरते: एकट्याने जायला २९ पीएसआय, मागे माणूस असेल तर ३६, आणि या बॅगा म्हणजे अर्धा माणूस. बाटल्या तळाला आणि सीटच्या पुढच्या बाजूला, पापड वर.

पावसाने मात्र खरी परीक्षा घेतली. बॅगेबरोबर मिळालेलं रेनकव्हर गोव्याच्या पावसासाठी नाहीच. वरचं पाणी ते अडवतं, पण आतली बाजू उघडी राहते आणि मागच्या चाकाचं चिखलपाणी नेमकं तिथूनच घुसतं. वेगात त्यात वारा भरून ते फडफडतं. कापड जलरोधक असतं हो, पण शिवणीच्या भोकांचं काय? शेवटी आत तोंड गुंडाळून बंद करायची जाड पीव्हीसीची पिशवी घातली, ज्याचे जोड शिवलेले नसून तापवून चिकटवलेले आहेत. तोंड तीन वेळा गुंडाळलं की पापड कोरडे. बाहेरची बॅग भिजू दे. पण घरी आल्यावर ती उलटी टांगायची. ओल्या बॅगेचं तोंड बंद ठेवून रविवार गेला, की सोमवारी कुबट वास आणि कोपऱ्यात पांढरी बुरशी. खाऱ्या हवेने बॅगेची चेनही अडकते. मेणबत्ती घासली की सुटते.

रंगाचं नुकसान मला अपेक्षित नव्हतं. डिचोली-सांखळीकडची लाल धूळ बॅग आणि बॉडीच्या मध्ये बसली की ती पॉलिश पेपरसारखी घासते. डाव्या पॅनलवर हाताएवढा मंद डाग पडला आहे. आता तिथे पारदर्शक फिल्म लावली आहे.

मागे माणूस बसवायचा असेल तर या बॅगा विसरा. सासूबाई नऊवारीत एका बाजूला पाय सोडून बसतात, त्यांच्यासाठी डावी बॅग काढावीच लागते. मग उजवीकडेच वजन ठेवून कुठे जाणार? चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायलाही बॅगांचा उपयोग अर्धाच. नारळ मावले, सुपारीचे घड तोंडातून बाहेर. ते शेवटी हुकालाच अडकवले.

कुशनवाल्याच्या खर्चासकट बॅगा मला अडीच हजारांच्या आत पडल्या. आठवड्यातून तीन-चार दिवस माल पोचवणाऱ्याने घ्याव्यात. ज्याला महिन्यातून एकदा बाजारहाट करायची आहे, त्याला पुढचं हूक आणि चांगली कापडी पिशवी पुरे.