दहापट भिंग आणि डिजिटल कॅलिपर : जुन्या मॅचबॉक्स गाड्यांसाठी केलेल्या वापराचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी दोन वस्तू विकत घेतल्या. एक, सोनार आणि घड्याळजी वापरतात तसे दहापट दाखवणारे घडीचे भिंग. दुसरी, दीडशे मिलिमीटरपर्यंत मोजणारा डिजिटल व्हर्नियर कॅलिपर. दोन्ही वस्तू मी एकाच कामासाठी वापरतो. इंग्लंडच्या लेस्नी कंपनीने १९५३ पासून १९६९ पर्यंत काढलेल्या साध्या चाकांच्या, खेळण्यातल्या छोट्या मॅचबॉक्स गाड्या, म्हणजे ज्यांना संग्राहक 'रेग्युलर व्हील्स' म्हणतात त्या, मी जमवतो आणि त्यांतील व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच मॉडेलच्या किंचित वेगळ्या आवृत्त्या, ओळखण्यासाठी ही उपकरणे रोज हाताशी लागतात. त्यामुळे पुढचा अनुभव या एकाच उपयोगापुरता आहे. रत्नपारखी किंवा यंत्रकाम करणारे यांच्या गरजा निराळ्या असतील.

भिंगाची गरज का पडते, हे सांगायचे तर या गाड्या कशा बनत होत्या त्याकडे पाहावे लागते. लेस्नी ही कंपनी १९४७ मध्ये लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी सुरू केली. आडनाव एक असले तरी त्यांचे नाते नव्हते, आणि दोघांच्या पहिल्या नावांचे तुकडे जोडून कंपनीचे नाव तयार झाले. साचे करण्यात निष्णात असलेला जॅक ओडेल त्यांना लवकरच येऊन मिळाला. एक ते पंचाहत्तर क्रमांकांची मालिका चालू ठेवायची आणि जुने मॉडेल काढून त्याच क्रमांकावर नवे आणायचे, अशी पद्धत होती. एकेक मॉडेल काही वर्षे चालत असे आणि त्या काळात कारखान्यात बदल होतच राहत. चाके आधी धातूची होती, मग करड्या प्लास्टिकची आली, काही मॉडेल्सना रुपेरी प्लास्टिकची बसली आणि शेवटी काळ्या प्लास्टिकची रूढ झाली. साचा झिजला किंवा एखाद्या नाजूक जागी कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा भाग, तुटू लागले, की तिथे एखादी धार वाढवली जाई. रंगाचा नवा घाणा जरा वेगळा निघे. यातले काहीही संग्राहकांसाठी केलेले नव्हते. ज्या दिवशी जे सुटे भाग टोपलीत होते ते गाडीला लागले. म्हणूनच आज एकाच क्रमांकाच्या दोन गाड्यांत फरक फक्त चाकाच्या कडेवरील खाचांच्या संख्येचा असू शकतो, आणि त्या खाचा चष्मा लावूनही नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाहीत.

भिंग निवडताना वेष्टनावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये, ही माझी पहिली सूचना. स्वस्त भिंगांच्या दांडीवर '३०×२१' असे ठसवलेले असते. त्यातील २१ हा काचेचा मिलिमीटरमधील व्यास असतो आणि ३० हा आकडा बहुतेक वेळा निव्वळ थाप असते. खरे दहापट भिंग वस्तूपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट दाखवते. तीसपट खरोखर असते तर ते गाडीला जवळजवळ टेकवावे लागले असते, आणि तशा भिंगाने चाकाचा जेमतेम एक तुकडा दिसला असता. मी तीन काचा जोडून केलेले, म्हणजे ट्रिप्लेट, घेतले. त्यासाठी साध्या भिंगापेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागले, साधारण हजार-बाराशे रुपये. पण साध्या भिंगात कडेला दिसणारी निळी-पिवळी झालर यात नाही आणि चित्र काठापर्यंत सरळ राहते. रंगाच्या बारीक छटा तपासणाऱ्याला ही झालर चालण्यासारखी नसते.

वापरण्याची सवय लागायला काही आठवडे गेले. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचे, दुसरा डोळा उघडाच ठेवायचा आणि गाडी वरखाली करायची. भिंग हलवायचे नाही. प्रकाश बाजूने पडला तर उठाव दिसतो, समोरून पडला तर सगळे सपाट होते. आमच्याकडच्या पावसात काचेवर बुरशी धरण्याची भीती खरी आहे, म्हणून ते सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो. इतक्या महिन्यांत काच स्वच्छ आहे. फक्त घडीचा स्क्रू सैल झाला होता, तो घड्याळाच्या पेचकसाने आवळून घेतला.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे ते काय दाखवते. क्रमांक ४१ ची पांढरी फोर्ड जीटी घ्या. १९६५ पासूनच्या या मॉडेलच्या चाकांचे हब बहुतेक वेळा पिवळे असतात. लाल हबची गाडी कमी मिळते आणि साहजिकच महाग असते. हब म्हणजे प्लास्टिकची छोटी चकती. ती एका गाडीतून काढून दुसरीत बसवणे अवघड काम नाही, आणि ते केलेले लोक आहेत. पण ते करायचे तर दोनच वाटा आहेत. एक तर ॲक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसाचे, टोक कापून हब काढायचे आणि टोक पुन्हा ठोकून पसरवायचे. नाही तर तळाचा पत्रा उघडून आख्खा ॲक्सल बदलायचा. कारखान्यातून निघालेले टोक दहापट भिंगाखाली गुळगुळीत घुमटासारखे दिसते आणि त्याच्यावर वर्षानुवर्षांचा मंदपणा सारखा पसरलेला असतो. हाताने ठोकलेल्या टोकावर हातोडीचे सपाट पैलू किंवा कानशीचे समांतर ओरखडे दिसतात, आणि ओरखड्यांत धातू नव्यासारखा चमकतो. त्यापूर्वीच्या, १९५० च्या दशकातील बहुतेक गाड्यांत ॲक्सलची टोके घुमटाकार नसून चिमटून चपटी केलेली असतात. तेव्हा धातूच्या चाकांच्या गाडीला गोल टोक आढळले तर ते का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तळाचा पत्रा उघडला असेल तर ते याहून लवकर कळते. बॉडीच्या कास्टिंगमधूनच निघालेला खुंट पत्र्याच्या भोकातून बाहेर येतो आणि त्याचे डोके दाबून पसरवलेले असते. ते डोके ड्रिलने उडवल्याशिवाय गाडी उघडत नाही. परत जोडताना खुंटात स्क्रू घालतात किंवा गोंद लावतात, वर रंगाचा ठिपका देतात, आणि नुसत्या डोळ्यांना काही खटकत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी एका विक्रेत्याने मला एक जीटी दाखवली. "साहेब, लंडनचा माल आहे, हातही लागलेला नाही," असे त्याचे म्हणणे होते. भिंगातून पाहताच पुढच्या खुंटाच्या भोवती पत्र्यावर ड्रिलच्या टोकाने कोरलेले एक अर्धवर्तुळ दिसले. मी त्याला भिंग दिले. त्याने बघितले, हसला आणि म्हणाला, "मग काय देता?" मी सुट्या भागांसाठी म्हणून किरकोळ पैसे देऊन ती घेतली, कारण तिची काच शाबूत होती.

जाहिरातींच्या डेकल्सबाबतही, म्हणजे गाडीवर चिकटवलेल्या छापील नावांबाबतही, भिंगाचा निर्णय जवळजवळ अंतिम मानता येतो. मूळ डेकलमध्ये अक्षरांचा रंग एकसंध असतो आणि भोवतीची पारदर्शक लाखेची पापुद्रा काठाला पिवळसर, तडकलेली असते. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या नकली डेकलमध्ये रंगाचे सुटे ठिपके दिसतात. क्रमांक ४६ ची पिकफर्ड्सची सामानवाहू गाडी निळी आणि हिरवी अशी मिळते. त्याच कास्टिंगची वाळूच्या रंगातली, 'बील्स बीलसन्स' या इंग्लंडमधील दुकानासाठी केलेली जाहिरातीची आवृत्ती मात्र क्वचितच हाती लागते. अशा गाडीवर पैसे टाकण्यापूर्वी डेकलच्या कडेवर भिंग धरण्यात दोन मिनिटे जातात, आणि ती दोन मिनिटे न देणाऱ्या खरेदीदारांवरच नकलांचा धंदा चालतो.

कॅलिपरबद्दल माझे मत तितके उत्साहाचे नाही. तो ०.०१ मिलिमीटरपर्यंत आकडा दाखवतो, पण खेळण्यांच्या जाड रंगावर शेवटच्या अंकाला काही अर्थ नसतो. मॉडेल ओळखायला त्याचा उपयोग नक्की होतो. क्रमांक ५ ची लाल लंडन बस १९५४, १९५७, १९६१ आणि १९६५ अशी चार वेगवेगळ्या साच्यांतून निघाली आणि प्रत्येक वेळी मोठी होत गेली. पहिली सुमारे ५१ मिलिमीटर लांब, शेवटची सुमारे ७०. फोटोत चारही सारख्या भासतात. म्हणून दूरच्या विक्रेत्याला मी पट्टी शेजारी ठेवून फोटो मागतो, आणि हातात आल्यावर कॅलिपर लावतो. चाकांचे व्यास मोजायलाही तो बरा पडतो. दुसरा उपयोग डिंकी या दुसऱ्या इंग्लिश ब्रँडच्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांसाठी होतो. त्या काळच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले की कास्टिंग आतून कुजते, भेगाळते आणि फुगते. दोन टोकांच्या मापांत थोडाही अनपेक्षित फरक आला तर ती गाडी कपाटात ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. लेस्नीच्या युद्धोत्तर गाड्यांना हा रोग सहसा नसतो.

कॅलिपरचे दोन दोष सांगतो. त्याचे जबडे पोलादी असल्याने जरा निसटले तर रंगावर चरा उठतो; मी जबड्यांच्या आतल्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टी लावून शून्य पुन्हा ठरवून घेतो. आणि बंद केला तरी त्याचा आतला भाग वीज खातच राहतो, त्यामुळे बटण सेल मी आता वापरून झाल्यावर काढूनच ठेवतो. नवीन घेणाऱ्याने संमिश्र प्लास्टिकच्या जबड्यांचा घ्यावा. अचूकता किंचित कमी असली तरी या कामाला पुरते.

भारतीय बनावटीच्या गाड्यांसाठी भिंग मला अनपेक्षितपणे उपयोगी पडले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या निघू लागल्या. सुरुवातीच्या काही गाड्यांच्या तळावर डिंकीचे मूळ नाव साच्यातून घालवलेले आहे, पण पुरते गेलेले नाही. बाजूने उजेड पाडून पाहिले की खोडलेल्या अक्षरांच्या कडा वर येतात. मुंबईत भरणाऱ्या चोर बाजारात अशा गाड्या अजून अधूनमधून दिसतात, आणि तिथेच 'लिओ' नाव ठसवलेल्या भारतीय हॉट व्हील्सही. या दोन्हींचा अभ्यास इंग्लंडच्या मालापेक्षा कमी झालेला आहे, त्यामुळे आपल्याकडच्या संग्राहकाला इथे स्वतःच नोंदी ठेवण्याला वाव आहे.

जिथे ही दोन्ही उपकरणे काही करू शकत नाहीत ती जागा म्हणजे रंग. आणि सर्वांत मोठा पैसा रंगातच अडकलेला आहे. क्रमांक ८ ची फोर्ड मस्टँग पांढरी असली तर सामान्य, नारिंगी असली तर दुर्मीळ. क्रमांक ३० ची मागिरस क्रेन रुपेरी असते. फिकट तपकिरी निघालेल्या मोजक्या गाड्यांना जगभर शोधले जाते. एवढा ढोबळ फरक असला तर भिंगाची गरजच नाही. पण 'फिकट गुलाबी की गडद गुलाबी' अशा वादात भिंग फक्त रंग पुन्हा दिलेला आहे का ते सांगते. दाराच्या फटीत, ॲक्सलच्या मागे किंवा घासलेल्या कडेवर खालचा दुसरा रंग डोकावतो का, ते पाहावे. उन्हात विटलेला रंग हे व्हेरिएशन नाही, आणि विटलेपणा ओळखायचा तर गाडीच्या पोटाकडील रंग छताशी ताडून पाहावा. छटा ठरवायची तर उत्तरेकडच्या खिडकीत, सकाळी, ज्ञात नमुन्याशेजारी ठेवूनच ठरवावी. फोनच्या पडद्यावरून ठरवलेली छटा मी आता मानत नाही.

संगणकाला जोडण्याचा सूक्ष्मदर्शकही मी काही आठवडे वापरून पाहिला. फोटो काढून दुसऱ्याला पाठवायला तो चांगला, परंतु त्याचे सॉफ्टवेअर वारंवार अडकते आणि बाजारात उभ्या उभ्या तो उघडून बसता येत नाही. तो कपाटात गेला.

ज्यांच्याकडे पंधरा-वीस गाड्या आहेत आणि त्या आवडीने मांडून ठेवायच्या आहेत, त्यांना यांपैकी काहीही घेण्याची गरज नाही. जे चाके आणि ॲक्सल पाहून किंमत ठरवतात त्यांनी भिंग आधी घ्यावे आणि कॅलिपर नंतर. आणि भिंग घेताना दुकानातच एखाद्या छापील कागदावरचे ठिपके पाहून काठापर्यंत चित्र स्पष्ट येते का, हे तपासूनच पैसे द्यावेत.