टीव्हीचा आवाज गेला की ‘बोर्ड गेलाय’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

हेडफोनची पिन काढली आणि टीव्हीचा आवाज परत आलाच नाही, असं झालं असेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी हे वाचा. चित्र स्वच्छ, रिमोट चालतोय, पण स्पीकर मुके. आमच्याकडे नेमकं हेच झालं आणि आम्ही न बदललेल्या बोर्डाचे पैसे भरून बसलो.

रात्री घरातल्यांची झोपमोड नको म्हणून बाबा हेडफोन लावून सामने बघतात. आवाज गेल्यावर आलेल्या माणसाने मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि सांगून टाकलं, “साउंडचा आयसी उडालाय. तो सुटा बदलता येत नाही, पूर्ण मदरबोर्डच टाकावा लागेल.” हेडफोन लावून तर बघा, असं बाबांनी सुचवलं. “काका, त्याचा इथे काही संबंध नाही,” म्हणत त्याने ते उडवून लावलं. बोर्ड काढून नेला, परत आणून बसवला, आवाज सुरू झाला. जुना बोर्ड मागितला तर म्हणे तो कंपनीला परत जातो. बिलाच्या चिठ्ठीवर फक्त ‘बोर्ड बदलला’ एवढंच.

शंका आली ती टीव्ही सुरू केल्यावर. वायफाय आपोआप जोडलं गेलं, चॅनेलचा क्रम तोच, बाबांचं लॉगिनसुद्धा जागेवर. हे सगळं मदरबोर्डवरच्या मेमरीत साठवलेलं असतं. बोर्ड खरंच नवा असता तर टीव्हीने भाषेपासून वायफायच्या पासवर्डपर्यंत सगळं पुन्हा विचारलं असतं. फोन करून विचारलं तर उत्तर तयार होतं: “डेटा ट्रान्सफर केला.” मेमरीची चिप उचलून दुसऱ्या बोर्डावर बसवता येते, हे खरं. पण ज्याला साउंडचा एक आयसी बदलता येत नव्हता, त्याने हे नाजूक काम केलं असं मानायचं?

पुढे बाबांनी हेडफोन वापरले आणि आवाज पुन्हा गेला. या वेळी दुसऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने आधी हेडफोन लावले. आवाज खणखणीत. मग पिन काढून आवाज वाढवला, तर पडद्यावर अजूनही हेडफोनचंच चिन्ह. म्हणजे पिन बाहेर आली तरी टीव्हीला ती आतच आहे असं वाटत होतं. साडेतीन मिलिमीटरच्या त्या सॉकेटमध्ये पत्र्याची एक बारीक पट्टी असते. पिन आत गेली की ती सरकते आणि स्पीकर बंद होतात. पिन काढल्यावर तिने मूळ जागी यायला हवं. धूळ बसली, गंज धरला किंवा तिचा ताण गेला की ती अडकते. त्याने पिन गोल फिरवत काही वेळा आतबाहेर केली आणि आवाज आला. पुन्हा अडकू नये म्हणून नंतर सॉकेट बदललं. बोर्डावर आधी कुठे सोल्डरिंग झाल्याची खूणही नव्हती. पहिल्याने बहुधा नुसता क्लीनर फवारला असावा.

पिन फिरवून पाहणं घरीही जमतं. तेवढ्याने भागलं नाही तर टीव्हीचा प्लग काढून काही मिनिटांनी पुन्हा लावा. सेटिंगमध्ये साउंड आउटपुट ‘टीव्ही स्पीकर’वर आहे का तेही बघा, ब्लूटूथ, ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी (म्हणजे बाहेर जोडलेल्या स्पीकरला आवाज पाठवणारे पर्याय) निवडलेलं असेल तरी स्पीकर गप्प राहू शकतात. पिनेचं टोक तुटून आत राहिलं असेल तर सुई घालून उकरू नका, ते काम कारागिराचं. हेडफोनचं चिन्ह दिसत नाही, सेटिंगही बरोबर आहे आणि तरी स्पीकर वाजत नाहीत, तेव्हा मात्र अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकरवर संशय घ्यायला जागा आहे. बोर्ड घराबाहेर न्यायचाच झाला तर त्याच्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा आणि बदललेल्या बोर्डाचा नंबर बिलावर लिहून घ्या.

पहिल्या माणसाला पैसे परत मागितले, तर तो म्हणाला, “वॉरंटी बोर्डाची आहे, हेडफोनच्या जॅकची नाही.” आमच्या टीव्हीत तो जॅक त्याच बोर्डावर सोल्डर केलेला असतो. बोर्ड नवा, तर जॅक जुना कसा, एवढं विचारल्यावर त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो उचललेला नाही.