फ्लॅनेल बोर्डचा बायबल कथा संच: घरच्या प्रार्थनेसाठी घ्यावा का?

चार ते नऊ वर्षांच्या मुलांना देवाचा चांगुलपणा नुसता वाचून दाखवला तर पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत वर्षानुवर्षं वापरला जाणारा फ्लॅनेल बोर्ड, म्हणजे मऊ लवेचं कापड लावलेला फळा, आता घरगुती आकारात मिळतो, तो याच कामासाठी. या संचात दोन फूट बाय दीड फुटाचा घडीचा बोर्ड, सहा कथांची साठेक चित्रं आणि प्रत्येक कथेचं एक मार्गदर्शक कार्ड आहे. घ्यावा, असंच मत आहे. मात्र कार्डांवरचा मजकूर जसाच्या तसा मुलांपुढे वाचू नये.

आधी बोर्ड. चित्रांच्या पाठीवरचा खरखरीत कागद फ्लॅनेलच्या लवेत अडकतो, एवढंच त्यामागचं तंत्र. त्यामुळे बोर्ड सरळ उभा केला की चित्रं घसरतात. वरची कड तीन-चार बोटं मागे कललेली हवी. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पंखा बंद ठेवणं शक्य नाही, आणि छताच्या पंख्याखाली हलकी चित्रं पटापट गळतात. बोर्ड पंख्याच्या थेट खाली न ठेवता भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. उन्हाळ्यात पाठीचा डिंकही सुटतो. तो पुन्हा चिकटवण्यापेक्षा वेल्क्रोची काटेरी बाजू नखाएवढी कापून लावा आणि बोर्डावर आपल्याकडचा टर्किश टॉवेल ताणून बसवा. टॉवेलच्या फासांत काटे पक्के धरतात. चादर चालत नाही, तिची वीण सपाट असते.

चित्रांवर अक्षरं नाहीत, ही या संचातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. आजी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगत असेल तरी बोर्ड तोच राहतो. कार्डांवरची मराठी मात्र जड आहे, सहा वर्षांच्या पोराला ‘कृपानिधी’ कळत नाही. पंडिता रमाबाईंनी आपल्याच पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात राहून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. ते पूर्ण छापून आलं १९२४ साली. शंभर वर्षांनंतर मुलांच्या संचाला ते जमू नये, याचं वाईट वाटतं.

मान्नाच्या, म्हणजे रानात इस्राएली लोकांना देवाने रोज दिलेल्या अन्नाच्या, कथेत संच कमी पडतो. मान्ना म्हणून जमिनीच्या चित्रावर पांढरा पट्टा छापलाय, तो उचलता येत नाही. कथेचा जीव तर वेचण्यातच आहे. बायबलच्या निर्गम पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात मान्ना धण्यासारखा असल्याचं सांगितलंय, म्हणून सरळ धणेच घ्या. ताटात पसरा आणि प्रत्येक मुलाला एकेक वाटी द्या. कथेत रोजचा वाटा माणशी एक ओमर आहे; हे जुनं माप, म्हणजे साधारण दोन लिटर. दुधाचं तेवढं भांडं शेजारी ठेवलं की एका माणसाचा दिवसाचा वाटा डोळ्यांना दिसतो. सहाव्या दिवशी दुप्पट आणि सातव्या दिवशी वेचणं नाही, हेही हातांनी करून घ्या. उद्यासाठी लपवून ठेवलेल्या मान्नात किडे पडले, हे समजायला भाकरीचा भिजवलेला तुकडा उन्हाळ्यात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी झाकण काढलं की वासच सांगतो. मग प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ यातला ‘आज’ मुलांना कळतो.

पाच भाकरी आणि दोन मासे या कथेत टोपल्या तीनच दिल्यात. उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या होत्या, म्हणून बाराच हव्यात, मुलं मोजतात. कमी पडलेल्या नऊ पुठ्ठ्याच्या कापा.

दुष्काळात एलीया संदेष्ट्याला जेवू घालणाऱ्या सारफथच्या विधवेची कथा चित्रांत फार सुंदर जमली आहे. मडक्याला चीर दिलेली आहे, तीतून पिठाचे गोल पुन्हा पुन्हा बाहेर काढता येतात. पण मडक्यातलं पीठ सरलं नाही आणि कुपीतलं तेल आटलं नाही, इथेच कार्ड थांबतं. बायबलमधला १ राजे पुस्तकाचा १७ वा अध्याय तिथे थांबत नाही. पुढे तिचा मुलगा आजारी पडून दगावतो, ती एलीयाला खडसावून जाब विचारते, एलीया देवाला आर्त हाक मारतो आणि पोर जिवंत होतं. हा भाग गाळला तर मुलं पहिल्याच आजारपणात विचारतील, ‘देव चांगला आहे ना, मग असं का?’ आणि आईबापांच्या हाती काही नसेल. पुठ्ठ्याची एक बाज कापून हा प्रसंग जोडा. आईचा प्रश्न मोठ्याने वाचा. लगेच उत्तर देऊ नका. पवित्र शास्त्राने तो प्रश्न पुसून टाकलेला नाही, हेच मुलांना आधी कळू द्या.

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या कार्डावर आहे: ‘चांगल्या मुलांना देव चांगल्या वस्तू देतो.’ ही ओळ काळ्या शाईने खोडा. याने चांगुलपणाचा सौदा होतो, आणि ज्याला सायकल मिळाली नाही ते पोर स्वतःला वाईट समजायला लागतं. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ५:४५ नेमकं उलटं सांगतं: देव वाईटांवर आणि चांगल्यांवर सूर्य उगवतो, न्यायी-अन्यायी दोघांवर पाऊस पाडतो. पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे समजावायला चित्रही लागत नाही; पहिली सर आली की मुलांना दारात उभं करून शेजारच्या सगळ्या पत्र्यांवरचा आवाज ऐकवा. त्या कार्डाऐवजी मत्तय ७:९ घ्या: भाकर मागितली तर कोणता बाप पोराला धोंडा देईल? एका ताटलीत कडक भाकरी, दुसरीत दगड. तीन वर्षांचं मूलही बरोबर ताटली ओढतं.

रोज एकच कथा, बारा-पंधरा मिनिटं. शेवटी स्तोत्र १३६. त्याच्या सव्वीसही ओवींत ‘त्याची दया सनातन आहे’ येतं. मोठ्यांनी पहिला भाग म्हणायचा आणि मुलांनी हे ध्रुपद, टाळ असेल तर टाळासकट. लहानांना पहिल्या नऊ ओवी पुरतात.

प्रत्येक कथेची चित्रं वेगळ्या पाकिटात ठेवा. आणि फ्लॅनेल धुऊ नका, लव बसते. धूळ कपड्यांच्या ब्रशने एकाच दिशेने झाडा.