झिजलेले रोमन नाणे ओळखताना आधार कशाचा घ्यावा: लेखाचा, चित्राचा की मापाचा?

ऑनलाइन घेतलेले झिजलेले रोमन ब्राँझ नाणे हाती आले की बहुतेक जण सम्राटाच्या चेहऱ्याभोवतीचा लेख वाचू पाहतात. लेख शाबूत असेल, तर हाच मार्ग सर्वांत अचूक ठरतो, कारण नाव, पदव्या आणि मागच्या बाजूच्या तळाशी असलेली टांकसाळीची अक्षरे मिळाली की ओसीआरई या संकेतस्थळावर, जेथे इ.स.पू. ३१ ते इ.स. ४९१ या काळातील ४० हजारांहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत, तो प्रकार नेमका शोधता येतो. पण अर्धा लेख गेलेला असेल आणि ‘कॉन्स्टान’ एवढेच वाचता येत असेल, तर सम्राट कॉन्स्टंटाइन व त्याचे तीन मुलगे असे चौघे तरी शक्यतेत राहतात. विक्रेत्याने त्यातले एक नाव लिहिले असले, तरी तो पुरावा नव्हे.

अशा वेळी मागच्या बाजूचे चित्र अधिक भरवशाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. अक्षरे पुसली गेली तरी आकृतीची ठेवण ओळखू येते, विशेषतः अंधाऱ्या खोलीत एकाच बाजूने तिरपा प्रकाश टाकून नाणे हळूहळू फिरवल्यास. दोन सैनिकांमध्ये दोन ध्वजदंड दिसले, तर नाणे साधारण इ.स. ३३० ते ३३५ मधले. एकच दिसला, तर त्यानंतरच्या काही वर्षांतले. एवढ्या एका तपशिलाने काळ ठरतो, सम्राट मात्र ठरत नाही.

चित्र तेच राहून नाणे लहान होत गेले असेल, तेथे माप निर्णायक ठरते. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूवर भाला रोखलेला सैनिक इ.स. ३४८ पासून दिसू लागतो. सुरुवातीची मोठी नाणी २० मिलिमीटरहून रुंद आहेत, तर पुढच्या दशकातली त्याहून बरीच लहान. वजन अवश्य घ्यावे, पण झीज आणि गंज यांमुळे ते घटलेले असते, म्हणून कडेजवळच्या ठिपक्यांच्या वर्तुळाचा थोडा भाग जरी उरला असेल, तर त्यावरून काढलेला व्यास मला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तो मूळ ठशाचा असतो.

अक्षरे ग्रीक असतील, तर ओसीआरईवर वेळ घालवू नये. प्रांतिक, म्हणजे साम्राज्याच्या प्रांतांत स्थानिक पातळीवर पाडलेल्या, नाण्यांसाठी आरपीसी ऑनलाइन हे संकेतस्थळ आहे. लिलावांच्या संग्रहांतील छायाचित्रे बहुधा उत्तम स्थितीतील नाण्यांची असल्याने झिजलेल्या नाण्याशी ती जुळवणे अवघड जाते.

लेख वाचता यावा म्हणून आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने नाणे घासू नये. अनेकदा उरलेला तपशील वरच्या हिरवट थरातच असतो आणि थराबरोबर तोही जातो. जाणकाराला विचारायचे असेल, तर दोन्ही बाजूंची तिरप्या प्रकाशातील छायाचित्रे, व्यास आणि वजन एकत्र पाठवावे, आणि उत्तर ‘कॉन्स्टंटाइनचे घराणे, एक ध्वजदंड’ एवढेच आले, तर नोंदही तेवढीच करावी.