केंद्रप्रमुखांची शाळाभेट: द्विशिक्षकी शाळेतून अभिप्राय

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. शिक्षक आम्ही दोघंच. विस्तार अधिकारी वर्षाकाठी कधीतरी येतात, गटशिक्षणाधिकारी त्याहून क्वचित, त्यामुळे पर्यवेक्षण म्हणजे आमच्यासाठी केंद्रप्रमुखच. १९९४ मध्ये हे पद निर्माण झालं, ते साधारण दहा शाळांच्या एका केंद्रामागे वर्गात बसून शिक्षकाला मदत करणारं कुणीतरी असावं म्हणून.

आधीच्या साहेबांची भेट ऑफिसात सुरू होई आणि तिथंच संपे. हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंदवही, तांदळाचा शिल्लक साठा, यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींची) माहिती, ग्रुपवर टाकायला मुलांसोबत एक फोटो. मग शेरेबुकात 'शैक्षणिक प्रगती समाधानकारक'. एकाही मुलाला एक ओळ वाचायला न लावता! मला याचा फार राग येई.

आताच्या मॅडम परिपाठालाच हजर असतात आणि तिथून थेट वर्गात येतात. दिवाळीनंतर आल्या तेव्हा तिसरीच्या मुलांत खाली बसल्या आणि ५२ मधून २७ वजा करायला दिले. बऱ्याच जणांचं उत्तर ३५. मला काही न बोलता त्यांनी एका मुलीला जवळ घेतलं. "कसं केलंस, सांग बघू." ती म्हणाली, "सातातून दोन गेले, पाच." दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिनं उलटं केलं होतं. मॅडमनी काड्यांचे गठ्ठे मागवले, तिलाच एक गठ्ठा सोडायला लावला. सुट्या काड्या बारा झाल्या, त्यातून सात काढल्यावर तिचा चेहरा उजळला. त्या दिवशीचा शेरा: 'हातच्याची वजाबाकी गठ्ठे-सुट्यांवर पुन्हा घ्यावी. पुढील भेटीत हीच मुले पाहीन.' जानेवारीत त्यांनी खरंच तीच मुलं पाहिली.

तक्रार एकच, आणि ती मॅडमबद्दल नाही. शेजारच्या केंद्रातलं पद रिक्त असल्यानं तिथला पदभारही त्यांच्याकडेच आहे. त्यात तालुक्याच्या बैठका, रोज मागवली जाणारी ऑनलाइन माहिती. पाठ अर्धा पाहून झाला की फोन वाजतो आणि त्यांना निघावं लागतं. पदं भरा, एवढीच कळकळीची मागणी.

पालकांना सांगेन, शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य तुमच्यातलेच असतात. पुढच्या बैठकीत शेरेबुक मागा. मुलांना काय येतं आणि काय येत नाही, याबद्दल त्यात एक तरी ओळ आहे का, ते वाचा, आणि नसेल तर तिथंच विचारा.