इस्टेटीवरील लाकूड विकताना झालेली फसवणूक

एका धनाढ्य कुटुंबाच्या ग्रामीण इस्टेटीचा मी व्यवस्थापक आहे. मालक वर्षातले थोडेच आठवडे येथे राहतात. एरवी कुंपणे, छपरे, पाणी, नोकरांचे पगार आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती असतो. मी राहतो ते घरही याच नोकरीबरोबर मिळालेले आहे. हे आधी सांगतो, कारण मला फसवणाऱ्या व्यापाऱ्याला ही गोष्ट पुरती ठाऊक होती.

दाटीत वाढलेल्या झाडांपैकी ४६ झाडे विकायचे ठरले. व्यापारी मालकांच्या स्नेह्याने सुचवलेला, बोलण्यात अदबशीर, आणि त्याचा घनमीटरचा दर इतरांपेक्षा चढा. त्या दरालाच मी भुललो. करारात दर लिहिला, मुदत लिहिली. मोजमाप कोणत्या रीतीने करायचे, तेवढे लिहायचे राहिले.

ओंडक्याचे घनफळ काढण्याची एक जुनी रीत आहे. मधल्या घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणतात. कापणीत वाया जाणाऱ्या लाकडाची सूट तीत आधीच धरलेली असल्यामुळे येणारा आकडा खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्केच भरतो. दर त्या हिशेबाने ठरला असेल, तर त्यात गैर काही नाही. पण ४ मीटर लांब आणि १.६ मीटर घेराचा जो ओंडका प्रत्यक्षात ०.८१ घनमीटरहून किंचित अधिक असतो, तो या रीतीने ०.६४ भरतो, आणि आमचा दर खऱ्या घनमीटरचा समजून मी सही केली होती. शिवाय त्याचा माणूस टेप मध्यावर न धरता बारीक टोकाकडे सरकवून धरत होता. ते मी पाहिले आणि किरकोळ समजून सोडून दिले, याची खंत अजून जात नाही.

नवी रोपे लावण्यापूर्वी खुंट मोजले, तेव्हा ते ५३ निघाले. जादा तोडलेल्यांपैकी काही खुंटांवर फांद्या ओढून टाकल्या होत्या. त्या बाजूला केल्या तर खाली भुशाचा ओला थर. रंगाची खूण मी छातीच्या उंचीवरच केली होती आणि ती ओंडक्यांबरोबर निघून गेली, त्यामुळे विकलेले झाड कोणते आणि चोरलेले कोणते, हे दाखवायला माझ्याकडे काहीच उरले नाही. जाब विचारला तेव्हा व्यापारी शांतपणे म्हणाला, "वाद वाढवलात, तर सात झाडांचे पैसे कोणी खाल्ले हे मालक आधी तुम्हालाच विचारतील."

त्या वाक्याने मी चार दिवस गप्प बसलो. पाचव्या दिवशी खुंटांचा नकाशा काढून मालकांना सगळे सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही, पण तोवर उरलेले लाकूडही आवाराबाहेर गेले होते आणि वसूल काहीच झाले नाही.

आता प्रत्येक झाडावर दुसरी खूण मुळाशी, करवत लागणार नाही अशा जागी केली जाते. मोजण्याची रीत, घेर घेण्याची जागा आणि मोजणी सालीसकट की सालीशिवाय, हे करारात लिहिले जाते. ओंडक्यांच्या यादीवर दोघांच्या सह्या झाल्याखेरीज आणि त्या खेपेचे पैसे जमा झाल्याखेरीज फाटक उघडत नाही. व्यापारी कोणाच्याही ओळखीचा असो, ही रीत कोणासाठीच मोडत नाही.