कोपर्निकस ब्राउझर: तीन रंगांत फुटलेली विमानं

"बाई, हे विमान फाटलंय का?"

नववीच्या वर्गात प्रोजेक्टरवर रायगडचा उपग्रह-नकाशा लावला होता. डोंगरावर एक निळं, एक हिरवं, एक लाल अशी तीन चिमुकली विमानं एकाच रेषेत. खरं तर विमान एकच.

युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. 2015पासूनची, आता साधारण दर पाच दिवसांनी एक. उपग्रह 786 किलोमीटर उंचीवरून जातो. निळा, हिरवा, लाल प्रकाश टिपणाऱ्या पट्ट्या त्याच्या कॅमेऱ्यात वेगवेगळ्या जागी आहेत, त्यामुळे एकाच जागेचा निळा आणि लाल फोटो यांत जवळजवळ एका सेकंदाचं अंतर पडतं. डोंगर जागचा हलत नाही, म्हणून त्याचे रंग एकावर एक नीट बसतात. विमान मात्र तेवढ्यात दोनशे मीटर पुढे निघून जातं. एक पिक्सेल 10 मीटरचा, म्हणजे वीस पिक्सेलची फारकत! विमानाच्या उंचीमुळेही रंग थोडे सरकतात, तेव्हा यावरून काढलेला वेग अंदाजाचाच. तरी मुलांनी ब्राउझरमधल्या मोजपट्टीने अंतर मोजून वेग काढलाच. उपग्रहाचं चित्र म्हणजे वेगवेगळे फोटो जुळवून केलेली वस्तू, हे मी इतकी वर्षं फळ्यावर सांगत आले. त्या एका विमानाने ते पाच मिनिटांत पटवलं.

उन्हाळ्यातली एखादी तारीख लावून अरबी समुद्रही बघा. पाण्यावर फिकट-गडद सरळ पट्टे दिसतील. कॅमेऱ्यातले 12 शोधक, म्हणजे प्रकाश टिपणारे भाग, आलटून-पालटून दोन रांगांत आहेत आणि त्या रांगा किंचित वेगळ्या कोनांतून बघतात, म्हणून पाण्यावरची उन्हाची चमक एका पट्ट्यात जास्त, शेजारच्यात कमी येते.

घराचं छप्पर ओळखायचं असेल तर हा नकाशा कामाचा नाही. इथे धरण, खाडी, वणवा, मोठी शेतं बघायची. पावसाळ्यात आपल्याकडे ढगच ढग, म्हणून नोव्हेंबर ते मे या काळातल्या तारखा निवडा आणि ढगांची टक्केवारी कमी ठेवा. चित्र साधारण सकाळी अकराचं असतं. विमानं शोधायला मुंबई विमानतळाच्या आसपासचा भाग चांगला.

माझ्या वर्गाची यादी सतरा विमानांवर पोचली आहे.